दिवसाचे सांधे

दोन ते सहा वर्षांची मुले ज्या पाळणाघरात अथवा बालवाडीत असतात, तेथे दिवसभर रडारड चालते असे नाही. थोडे लक्ष देऊन पाहिले, तर ती ठरावीक वेळीच होते असे आढळून येईल. सकाळी आईचा हात सुटताना, खेळ आवरून जेवायला बसताना, अंगणातून आत येताना, दुपारी निजताना आणि संध्याकाळी घरी निघताना. खेळ रंगात आला असता मूल शांत असते. जेवण सुरू झाले की तेही बहुधा सुरळीत पार पडते. परंतु खेळ संपून जेवण सुरू होईपर्यंतची जी दहा मिनिटे असतात, त्यांतच ठोकळे फेकले जातात, कोणी कोणाला चावते, कोणी जमिनीवर लोळण घेते, आणि एरवी गोड बोलणाऱ्या ताईंचाही आवाज चढतो. पाण्याची गळती नळाच्या सांध्यापाशी सुरू होते. मुलाचा दिवसही असाच सांध्यापाशी बिघडतो.

पूर्वी एकत्र कुटुंबात मूल आजीच्या मांडीवरून काकूच्या कडेवर आणि तेथून शेजारच्या अंगणात असे सहज फिरत असे. माणसे ओळखीची, घर तेच आणि घाई कोणालाच नव्हती. आज बेळगाव काय, वडोदरा काय, इंदूर वा हैदराबाद काय, आईवडील दोघेही कामावर जातात अशी घरे पुष्कळ झाली आहेत. दीड-दोन वर्षांचे मूल सकाळी परक्या हाती जाते आणि सायंकाळी परत येते. दिवसातून दहा-बारा वेळा त्याला हातातील गोष्ट टाकून दुसरी धरावी लागते, आणि यांतील बहुतेक वेळा ती मोठ्यांच्या सोयीने ठरलेल्या असतात. तेव्हा हा प्रश्न केवळ पाळणाघर चालविणाऱ्या भगिनींचा नाही. मुलाला तेथे सोडणाऱ्या आईचा आणि आणायला जाणाऱ्या बापाचाही तो आहे.

अशा वेळी मूल अडून बसले, की आपण चटकन म्हणतो, "हट्टी आहे." या विशेषणाचा आपण जरा फेरविचार करावा, असे मला वाटते.

कळते, पण वळत नाही

टोरांटो येथील फिलिप झेलाझो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली एक अगदी साधा प्रयोग प्रसिद्ध केला. लहान मुलांना काही पत्ते दिले. पत्त्यांवर चित्रे होती आणि त्यांना रंग होते. समजा, काहींवर ससा आणि काहींवर होडी, त्यांतील काही तांबडे आणि काही निळे. प्रथम सांगितले, "रंगाप्रमाणे लावा." तीन वर्षांच्या मुलांनी ते बिनचूक केले. मग सांगितले, "आता रंगाचा खेळ संपला. आता चित्राप्रमाणे लावायचे. ससे येथे, होड्या तेथे." बहुतेक तीन वर्षांची मुले पुन्हा रंगाप्रमाणेच लावीत राहिली. नवल पुढेच आहे. "ससे कोठे ठेवायचे?" असे विचारले, तर मूल बरोबर जागा बोटाने दाखवी, आणि लगेच पुढचा पत्ता पुन्हा रंगाप्रमाणेच ठेवी. पाच वर्षांच्या सुमारास मात्र बहुतेक मुलांना हा बदल सहज जमतो.

आपल्या भाषेत याला नेमका शब्दप्रयोग आहे : कळते, पण वळत नाही. नवा नियम मुलाला ठाऊक असतो; जुना नियम सोडून त्याकडे वळण्याची शक्ती मात्र अजून पुरती आलेली नसते. ही शक्ती मेंदूच्या वाढीबरोबर येते आणि तीन ते पाच या वर्षांत ती झपाट्याने वाढते. म्हणून "आवर म्हटले ना!" असे ताईंनी तिसऱ्यांदा सांगितल्यावरही मूल ठोकळाच लावीत बसले, तर ते नेहमीच आज्ञाभंग करीत असते असे नाही. ते त्या खेळात अडकलेले असते. अडकलेल्याला ओरडून सोडविता येत नाही; त्याला हात द्यावा लागतो.

"पाच मिनिटांनी आवरायचे आहे" ही सूचनाही याच कारणाने फुकट जाते. पाच मिनिटे म्हणजे किती, हे तीन वर्षांच्या मुलाला समजत नाही. त्याला घड्याळ कळत नाही, पण मोजदाद कळते. "आणखी दोन वेळा घसरगुंडी, मग हात धुवायला", "हा मनोरा पुरा होऊ दे, मग चटई", असे सांगितले की शेवट त्याच्या डोळ्यांपुढे उभा राहतो. ही सूचना खोलीच्या दारातून सर्वांना उद्देशून देऊ नये. जवळ जाऊन, खाली बसून, नावाने हाक मारून द्यावी. आणि दोन घसरगुंड्या म्हटले, तर दोनच व्हाव्यात. आज तिसरी मिळाली की उद्या दोनाला अर्थ उरत नाही.

पहिला सांधा : निरोपाचा

सर्व सांध्यांत सकाळचा सांधा अवघड. मूल खेळात गुंतले की आईने हळूच निसटून जावे, असा सल्ला पुष्कळ घरांत वडीलधारी माणसे देतात. त्यात त्यांची माया असते. मुलाचे रडणे त्यांना पाहवत नाही. परंतु हा सल्ला मानू नये. मूल मान वर करून पाहते, तो आई नाही. यातून ते काय शिकते? आपण खेळात रमलो की आई नाहीशी होते, एवढेच. दुसऱ्या दिवशी ते रमायलाच तयार होत नाही. पदर मुठीत धरून दाराशी उभे राहते, आणि संध्याकाळी घरी आई स्वयंपाकघरात गेली तरी तिच्यामागे धावते. रडणे टळले असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात ते दिवसभर पसरते, आणि त्याबरोबर आईच्या शब्दावरील भरवसाही थोडा झिजतो.

निरोप सांगूनच घ्यावा. तो थोडक्यात घ्यावा आणि रोज एकाच रीतीने घ्यावा. "मी कामाला जाते. तू जेवशील, निजशील, उठून दूध पिशील. मग मी येईन." एक पापा, हाताचा एक इशारा, आणि मग पाय मागे वळवू नये. "चारला येते" यापेक्षा "दूध झाल्यावर येते" हे मुलाला अधिक कळते. आई दाराशी घुटमळत राहिली, तीन वेळा परत आली, तर मुलाला वाटते की येथे खरोखरच काही भिण्याजोगे असावे. रडले तरी चालेल. ताईंच्या कुशीत रडू ओसरणे निराळे, आणि फसविले गेल्याचे रडू निराळे.

हा सांधा पहिल्या आठवड्यातच नीट जुळवावा, म्हणून जर्मनीत एक पद्धत रूढ झाली आहे. तिला बर्लिनची पद्धत म्हणतात. पहिले तीन दिवस आई अथवा वडील मुलाबरोबर पाळणाघरात येतात, तासभर एका जागी शांत बसतात आणि मुलाला घेऊन परत जातात. या तीन दिवसांत ताटातूट मुळीच नसते. चौथ्या दिवशी आई निरोप घेऊन थोडा वेळ खोलीबाहेर जाते, फार तर अर्धा तास. तेवढ्यात ताईंकडून मुलाचे समाधान होते की नाही, यावर पुढची मुदत ठरते. होत नसेल, तर आणखी काही दिवस आई सोबत राहते. बर्लिनमध्येच पंधरा महिन्यांच्या सत्तर बालकांचा एक अभ्यास झाला. तो २००४ साली प्रसिद्ध झाला. आई सोडून गेल्यानंतरच्या पहिल्या दिवसांत, ताणाच्या वेळी शरीरात वाढणारे कॉर्टिसॉल नावाचे द्रव्य त्यांच्यात घरच्यापेक्षा पाऊणपट ते एकपट अधिक आढळले. परंतु आई सोबत बसून होती त्या दिवसांत, आईवर दृढ विश्वास असलेल्या बालकांत ते कमी होते. म्हणजे परकी जागा ओळखीची करून देण्याचे काम आईच्या सान्निध्यातच सर्वांत चांगले होते.

आपल्याकडे नोकरदार आईला आठवडाभर रजा मिळणे कठीण, हे खरे. परंतु तीन दिवस सकाळचा एकेक तास आई, बाप, आजी वा मावशी यांपैकी कोणीतरी काढू शकेल की नाही, एवढे तरी घरात विचारून पाहावे. २०१७ सालच्या मातृत्व लाभ कायद्याच्या दुरुस्तीने ५० वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांत पाळणाघराची तरतूद केली आणि आईला दिवसातून चार वेळा तेथे जाण्याची मुभा दिली. ही सोय मोलाची आहे. मात्र प्रत्येक भेट म्हणजे आणखी एक निरोप, हे विसरू नये. भेटीच्या वेळा रोज त्याच असाव्यात, म्हणजे येणे आणि जाणे दोन्ही मुलाच्या दिनक्रमात बसतात.

मुलाला ताईंच्या हाती देताना दोन वाक्ये अवश्य बोलावीत : "ताई, रात्री नीट झोप झाली नाही" किंवा "आज घरून काही न खाताच निघालाय." ही दोन वाक्ये ताईंना दिवसभर उपयोगी पडतात.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि १९५७ च्या सुमारास ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. तेथे मूल आले की आधी त्याची स्वच्छता होई. आंघोळ, केस विंचरणे, नखे काढणे. गरीब घरांतील मुलांना त्याची गरज होतीच. परंतु त्यातून आणखीही एक गोष्ट सहज साधत असे. प्रत्येक मुलाला दिवसाच्या आरंभीच ताईंच्या हातांचा स्पर्श आणि त्याच्या एकट्याच्या वाट्याची काही मिनिटे मिळत. घरातून शाळेत जाण्याचा सांधा असा मायेच्या हातांनी जोडला जाई. बालवाडीपर्यंत मुले येईनात, तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली, आणि अंगणवाडी हा शब्द रूढ झाला. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेतील केंद्रांना देशभर हेच नाव मिळाले. मुलाने एकदम आपल्या जगात यावे असा आग्रह न धरता आपण त्याच्या जगात दोन पावले जावे, हे त्या नावातच आहे.

रांगेतील वाया जाणारा वेळ

दिवसाच्या मधल्या सांध्यांत खरा शत्रू असतो तो रिकामा वेळ. साधा हिशेब करावा. बालवाडीत वीस मुले आहेत, नळ एक आहे, आणि हात धुवायला प्रत्येकाला अर्धे मिनिट लागते. म्हणजे शेवटच्या मुलाला जवळजवळ दहा मिनिटे रांगेत उभे राहावे लागते. दिवसातून तीन वेळा असे झाले, तर त्याचा अर्धा तास काहीही न करता गेला. तीन वर्षांच्या मुलाने एवढा वेळ हाताची घडी घालून उभे राहावे, ही अपेक्षाच चुकीची. ते पुढच्याला ढकलते, आणि आपण त्याला शिस्त लावू लागतो. वास्तविक शिस्त लावायला हवी ती रांगेला.

उपाय खर्चाचा नाही. पाच-पाच मुलांनी नळावर जावे. उरलेल्यांना ताई गोष्ट सांगत असाव्यात किंवा गाणे म्हणत असाव्यात. मदतनीस बाई नळापाशी आणि ताई चटईपाशी, असे दोघींनी आधीच ठरवून घ्यावे. दोघीही नळापाशी गेल्या की मागे गोंधळ झालाच म्हणून समजावे. ज्यांचे हात धुऊन झाले त्यांना लगेच काम द्यावे; एकाने ताटल्या मांडाव्यात, एकाने पेले, एकाने चटया सरळ कराव्यात. जो मुलगा प्रत्येक सांध्यात बिथरतो, त्यालाच पेले मांडायला द्यावेत. हात रिकामे राहिले नाहीत, की बिथरण्याची कारणे पुष्कळ कमी होतात.

दुसरी गोष्ट म्हणजे ठरलेली खूण. प्रत्येक बदलाला एकच खूण असावी आणि ती रोज तीच असावी. आवरायच्या वेळी एक ठरलेले गाणे, जेवणाच्या वेळी लहानशी घंटा, निजायच्या वेळी खिडकीचे पडदे ओढणे. गोव्याच्या खेड्यांतून सायंकाळी आंजेलुसची घंटा झाली, की खेळणारी मुले कोणी हाक न मारताही घराकडे वळत. ती घंटा कोणा एकावर रागावत नसे आणि तिच्याशी वादही घालता येत नसे. बालवाडीतील खुणेचे बळ असेच असते. आज्ञा ताईंची न राहता दिवसाची होते. भिंतीवर मुलांच्या डोळ्यांच्या उंचीला दिवसाची पाच-सहा चित्रे क्रमाने लावावीत : खेळ, हात धुणे, जेवण, झोप, दूध, घर. "आई कधी येणार?" असे विचारणाऱ्या मुलाला त्या चित्रांवर बोट ठेवून दाखवावे, "आपण येथे आहोत. आई येथे येईल." पुष्कळ मुले पुढे स्वतःच जाऊन ते बोट ठेवतात आणि शांत होऊन परततात.

तिसरी गोष्ट मारिया मॉन्टेसरी यांच्याकडून घेण्यासारखी आहे. ६ जानेवारी १९०७ रोजी, तीन राजांच्या सणाच्या दिवशी, रोमच्या सॅन लोरेंझो या गरीब वस्तीत त्यांचे पहिले बालगृह उघडले. तेथे त्यांनी मुलांना शांततेचा एक पाठ दिला. सर्व मुले निश्चल बसत. मग शिक्षिका दुसऱ्या खोलीत जाऊन अगदी हलक्या आवाजात एकेकाचे नाव घेई, आणि ज्याचे नाव येई ते मूल पावलांचा आवाज न करता उठून तिच्याकडे जाई. चाळीस मुले एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेली, पण धक्काबुक्की नाही आणि आरडाओरडाही नाही! प्रत्येकाचे कान आपल्या नावाकडे लागलेले असत, त्यामुळे वाट पाहणे हेच एक काम होऊन जाई. आपल्या ताईंनीही मुलांना अंगणातून आत घेताना "चला सगळे!" असे ओरडण्याऐवजी एकेकाचे नाव हळू आवाजात घेऊन पाहावे.

अगदी तान्ह्या मुलांच्या बाबतीत हंगेरीतील डॉक्टर एम्मी पिक्लर यांची शिकवण ध्यानात ठेवावी. बुडापेस्टच्या लोत्सी रस्त्यावर त्यांनी १९४६ साली निराधार बालकांसाठी एक गृह उघडले. तेथील सेविकांना एक नियम होता : बाळाला पाठीमागून एकाएकी उचलायचे नाही. त्याच्या समोर यावे, "आता तुला उचलते, आंघोळीला जायचे" असे सांगावे, हात पुढे करावेत, आणि बाळाने अंग किंचित पुढे करीपर्यंत थांबावे. या थांबण्याला काही क्षणच लागतात. परंतु आपल्याला विचारल्यावाचून आपले काही केले जात नाही, हे त्या बाळाला बोलता येण्यापूर्वीच कळू लागते.

झोप आणि घरी परतणे

झोपेच्या बाबतीत एवढेच सांगावेसे वाटते की अंगणातील धावपळीतून एकदम अंथरुणावर नेऊ नये. मध्ये पाणी, मग गोष्ट, मग मंद उजेड, अशा दोन-तीन पायऱ्या असाव्यात. ज्याला झोप येत नाही त्याला दटावून डोळे मिटायला लावू नये. अर्धा तास पडून राहिल्यावर चित्रांचे पुस्तक द्यावे. झोप ही आज्ञेने येत नसते.

सायंकाळी दिवसभर हसत-खेळत असलेले मूल आईला पाहताच भोकाड पसरते, आणि आईच्या मनात नको ती शंका येते. ताईंनाही वाईट वाटते. दिवसभर जे आवरून धरले होते, ते ज्या माणसापुढे मोकळे करता येईल ते माणूस आता आले, एवढाच बहुधा त्याचा अर्थ असतो. मात्र रडणे रोजचे झाले, मूल खाईना वा झोपेना, किंवा एका विशिष्ट माणसालाच भिऊ लागले, तर तो इशारा समजून नीट चौकशी करावी. एरवी आईबापांनी येताच "चल, चल, गाडी उभी आहे" असे न करता दोन मिनिटे बसावे. हातातील चित्र पुरे होऊ द्यावे. ताईंना नमस्कार करून, चप्पल स्वतः घालून निघू द्यावे. सकाळच्या निरोपाइतकाच हाही निरोप आहे.

घरी गेल्यावर आजच्या काळात एक नवा सांधा वाट पाहत असतो, तो मोबाइलचा. वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ साली काही कुटुंबांच्या रोजनिश्या तपासल्या. त्यांना आढळले की "दोन मिनिटांनी बंद करते हं" अशी सूचना दिली असता पडद्यापुढील मुले अधिकच चिडत. याउलट रोजच्या क्रमानेच पाहणे संपे, किंवा चाललेला भाग आपोआप संपून पडदा थांबे, तेथे मुले फारशी कुरकुर न करता उठत. वर मी आगाऊ सूचना द्यावी असे म्हटले. येथे ती उलटते कशी? कारण ठोकळ्यांचा मनोरा मूल स्वतः पुरा करते, पण चालता कार्यक्रम मध्येच आईने तोडला, तर उरते ती दोघांची ओढाताण. म्हणून द्यायचाच झाला, तर एक पुरा भाग द्यावा, पुढचा आपोआप सुरू होणार नाही अशी व्यवस्था आधी करावी, आणि तो संपताच काय करायचे हेही सांगून ठेवावे : "ही गोष्ट संपली की आपण दोघे शेंगा सोलायच्या."

हे सारे वाचून एखादी ताई म्हणेल, "वीस मुले, आम्ही दोघी, त्यात नोंदवह्या भरायच्या, एवढे कोठून जमणार?" तिचे म्हणणे खोटे नाही. म्हणून सर्व एकदम करू नये. ज्या सांध्यात रोज सर्वांत अधिक रडारड होते, तो एकच निवडावा. त्याला एक खूण ठरवावी, कोणी कोठे उभे राहायचे ते ठरवावे, आणि दोन आठवडे त्यात बदल करू नये. पहिले दोन-चार दिवस फरक दिसणार नाही. मुलांना खूण ओळखीची व्हायला तेवढे दिवस लागतातच. आईबापांनीही आपल्यापुरता एक सांधा निवडावा, आणि तो निरोपाचाच असावा. उद्या सकाळी मुलाच्या डोळ्यांदेखत, सांगून, त्याला एक पापा देऊन निघावे. आणि दूध झाल्यावर येते असे म्हटले असेल, तर दूध झाल्यावर तेथे हजर असावे.